वर्तुळाची वाटणी

बऱ्याच जुन्या लेथबरोबर चेंज गिअरचा जो संच मिळतो, त्यात एक चाक डोळ्यांत भरण्याइतके मोठे असते. त्याला १२७ दाते असतात. इंची लीड स्क्रूच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर हे चाक चढवावे लागते, कारण एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट, आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे आणखी तुकडे होत नाहीत.

हेच चाक कागदावर काढायला बसा. मॉड्यूल २ धरला तर पिच वर्तुळाचा व्यास २५४ मिमी, बरोबर दहा इंच. परिघावर दर ६.२८ मिमीला एक दाता. कर्कटकात तेवढे अंतर धरून एकेक पाऊल टाकत निघालात आणि कर्कटक ०.१ मिमी जास्त उघडले गेले, तर फेरी संपेपर्यंत १२.७ मिमीची चूक साठते. म्हणजे दोन दात्यांना जागाच उरत नाही. पेन्सिलीची रेघसुद्धा ०.१ मिमीपेक्षा जाड असते! पण वर्तुळ हिशेब चोख ठेवते. शेवटची खूण पहिल्या खुणेवर येऊन बसली नाही, तर चूक तिथेच उघडी पडते.

सहा भाग सगळ्यांना येतात. त्रिज्येएवढे कर्कटक सहा वेळा फिरवले की झाले. चार, पाच, आठही जमतात. अडते ते सातावर. गाऊसने १७९६ साली, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पट्टी आणि कंपासाने वर्तुळाचे १७ समान भाग होतात हे दाखवले. सातचे होत नाहीत, आणि १२७ चेही नाहीत. कोणत्या संख्यांना ही वाट बंद आहे, ते १८३७ मध्ये वान्झेलने सिद्ध केले.

कारागीर मात्र सिद्धतेसाठी थांबत नाही. वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घ्या, ती जवळजवळ सप्तकोनाची बाजू असते, ही युक्ती ड्यूररच्या १५२५ च्या पुस्तकातही आहे. १२० मिमी व्यासावर ती करून पाहिली तर सात पावलांनंतर सुमारे ०.८ मिमी फट राहते. त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त १,२०,००० व्यासाच्या वर्तुळातल्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजू दिल्या. सप्तकोनाची ५२,०५५. खरी किंमत ५२,०६६ च्या आसपास. आपल्या १२० मिमीच्या वर्तुळात हा फरक एका बाजूला ०.०११ मिमी, आणि पूर्ण फेरीत ०.१ मिमीपेक्षाही कमी. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तिथे जाल तेव्हा हा आकडा आठवा. मशिन शॉपमध्ये आज चालेल असा तो आकडा आहे.

मोठ्या संख्येसाठी मात्र पाऊल मोजत जाणेच चुकीचे. आधी पूर्ण घ्यावे, मग वाटावे. सरळ रेषेचे समांतर रेषांनी हवे तितके भाग पडतात, वर्तुळाचे पडत नाहीत. म्हणून चाकापेक्षा मोठ्या तबकडीला कागदाची पट्टी घट्ट गुंडाळायची, टोके जुळतील तिथे कापायची, सरळ पसरून तिचे १२७ भाग करायचे आणि ती परत गुंडाळायची. त्या खुणांपासून केंद्राकडे रेषा ओढल्या की चूक वाढण्याऐवजी घटते. तबकडी चाकाच्या चौपट असेल, तर खुणेतली चूक चाकावर एक चतुर्थांश उरते.

लंडनच्या जेसी रॅम्सडेनने हेच तत्त्व यंत्रात उतरवले. १७७५ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्याच्या दुसऱ्या यंत्राचे चाक ४५ इंचांचे होते आणि त्याला २१६० दाते होते. त्याने परिघाचे आधी पाच भाग केले, प्रत्येकाचे तीन, मग चार वेळा निम्मे. झाले २४०. प्रत्येक भागात नऊ दाते. त्या दात्यांत अडकून चाक फिरवणाऱ्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे अंशाचा सहावा हिस्सा. ब्रिटनच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले, पण कृती छापून सर्वांना खुली करायची, आणि इतर कारागिरांचे सेक्स्टंट सहा शिलिंगांत आखून द्यायचे, या अटीवर. सरकारी पैसा याहून नेटका क्वचितच खर्च झाला असेल.

आजच्या डिव्हायडिंग हेडमध्ये क्रँकचे ४० फेरे झाले की जॉब एकदा फिरतो. सात भागांसाठी पाच पूर्ण फेरे आणि प्लेटवरच्या २१ भोकांच्या वर्तुळावर १५ भोके. १२७ ला नेहमीच्या प्लेटवर भोकेच नाहीत. मग १२० भागांचा हिशेब धरून, दर भागाला क्रँकचा तिसरा हिस्सा फिरवतात आणि ५६ व २४ दात्यांच्या गिअरने प्लेटच उलटी सरकवतात.

आणि १९०१ साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रातून वर आलेले काशाचे यंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे. १९ वर्षांत चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात २५४ फेऱ्या मारतो. ते गुणोत्तर साधायला त्या कारागिराने २५४ चे निम्मे केले आणि हातानेच दाते कापले. त्या चाकाला १२७ दाते आहेत.