खडकाच्या भेगेतून नळापर्यंत

"डॉक्टर, आमचं पाणी बोअरचं आहे, अगदी काचेसारखं." जुलाबाचा रुग्ण तपासताना हे वाक्य मी नेहमी ऐकतो. राहायला कर्वेनगरात असल्यामुळे आमच्या सोसायटीच्या बैठकीतही ऐकलं आहे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. बोअरचं पाणी जमिनीखालून येतं, म्हणजे ते गाळूनच येत असणार, असा त्यामागचा हिशेब.

माती-वाळूचा जाड थर असेल, तर हा हिशेब बऱ्याच अंशी खरा. खाली भेगाळलेला खडक असला की तो चुकतो. चुनखडीच्या प्रदेशात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवत जातं, भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांची भुयारं होतात. अशा भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात. वर सांडलेली घाण तिथे झऱ्यापर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावाखाली असाच चुनखडीच्या वर्गातला भेगाळलेला खडक होता. मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीनकडे दुर्लक्ष झालं होतं. जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात सुमारे २३०० जण आजारी पडले, सात दगावले. जंतू दोन होते: ई. कोलायची एक घातक जात आणि कॅम्पिलोबॅक्टर.

हे दुसरं नाव पुणेकरांना आता परकं नाही. जानेवारी २०२५ मध्ये राजाराम पुलाच्या पलीकडे, सिंहगड रस्त्यानं पुढे नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत 'गिलेन-बारे सिंड्रोम'चे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पुढे पुणे परिसरातली संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर मिळाला. या जंतूच्या आवरणातल्या काही शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या शर्करांसारख्या असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग मज्जातंतूंवरच चाल करून जातात. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झाले, माणूस कामालाही लागला, आणि एका सकाळी जिना चढताना पायच उचलेना. हजार संसर्गांमागे जेमतेम एखाद्याला असं होतं, पण ज्याला होतं त्याला कधी व्हेंटिलेटरही लागतो.

त्या साथीचं खापर खडकावर फोडता येणार नाही. यांपैकी २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांना शुद्धीकरण केंद्राविना, फक्त क्लोरीन टाकून विहिरीचं पाणी मिळत होतं. वस्ती आधी आली, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय मागाहून.

पण आपला खडक अशा चुका पोटात घालणारा नाही, हेही खरं. पुण्याखाली चुनखडी नाही, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. तो पाण्यात विरघळत नाही, तेव्हा भुयारी नद्या वगैरे इथे नाहीत. मात्र लाव्हा थंड होताना त्याला भेगा पडल्या, काही थर सच्छिद्र राहिले. पाणी याच वाटांनी फिरतं. भेग पाणी पुढे नेते, गाळत नाही.

वेताळ टेकडीसारख्या उतारांवर असे थर उघडे पडतात आणि पाऊस तिथून आत मुरतो. तेच पाणी पुढे झऱ्यांतून ओढ्यांना आणि नदीला उन्हाळ्यातही जिवंत ठेवतं. मासे, बेडूक, काठची झाडं त्यावर जगतात. आपण उतार खोदले, अंगणांना काँक्रीट केलं, ओढ्यांना भिंती घालून त्यांत मैलापाणी सोडलं. स्वच्छ पाणी मुरायच्या जागा बुजल्या आणि गळक्या ड्रेनेजची वाट उघडीच राहिली. नदीचा जीव गेला की त्याची नोंद कुणी करत नाही. तेच पाणी माणसाच्या पोटात गेलं की आमच्याकडे केसपेपर निघतो.

बोअर किंवा टँकरचं पाणी पिण्यात येत असेल, तर ते खळखळून उकळावं. प्रयोगशाळेत ई. कोलायची तपासणी पावसाळ्याआधी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, अशी दोनदा करावी. एकदाच करायची तर पावसानंतरची. टाकीत क्लोरीन टाकत असाल, तर नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवा. 'टीडीएस'चा आकडा जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. पेनासारखं ते यंत्र घेऊन रुग्णालयात येणारेही मी पाहिले आहेत!

आमच्या सोसायटीनं गेल्या पावसाळ्यात तपासणी केली. ई. कोलाय निघाला. बोअरपासून ड्रेनेजचं चेंबर पंधरा पावलांवर, हे त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं गेलं. बोअरचं पाणी आता फक्त संडासाला आणि बागेला जातं. चेंबरची गळती काढायचं काम तेवढं अजून कोटेशनवर अडलंय.