रोझमेरीला श्रावण सोसेना

पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर रोझमेरी उन्हाळाभर टवटवीत होती. श्रावणात मात्र बुडापासून काळी पडली. फार हळहळ वाटली. तिच्या माहेरी, भूमध्य समुद्राकाठी, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकं उलट. तिचं पान उलटून पाहा: कडा आत वळलेल्या, खाली पांढुरकी लव. सगळी तयारी पाणी राखण्याची! चिखलात मुळांना हवाच मिळत नाही, मग बुरशी त्यांचा ताबा घेते.

शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला: मातीची कुंडी, निम्मी जाड वाळू, आणि जून ते सप्टेंबर मुक्काम पत्र्याखाली, उजेडात. बोटभर काडीही दिली. खालची पानं काढून ती ओलसर वाळूत खोचली. काही आठवड्यांत तिने मुळं धरली.

ऋतूंचा हा घोळ नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी केव्हाच सोडवलाय. भूमध्य मुलखात द्राक्षवेल थंडीत पानं गाळून झोपते. इथे तशी थंडी नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. घड भरतात ते पावसानंतरच्या कोरड्या हवेत.

काकूंना बदल्यात मी अंजिराची काडी दिली. तेही त्याच बाजूचं झाड.