मजुरी कोण पाडते?

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की अमरावती–परतवाडा मार्गावरील वलगाव परिसरात एक तक्रार हमखास ऐकू येते : मेळघाटातून, म्हणजे धारणी-चिखलदरा भागातून, मुकादमामार्फत येणारे कोरकू मजूर कमी पैशांत राबतात आणि त्यामुळे गावातल्या मजुरांची मजुरी पडते. ही तक्रार करणारी मंडळीच त्याच हंगामात ‘मजूर मिळत नाहीत’ असेही म्हणतात. मजुरांची टंचाई असेल तर मजुरी चढायला हवी, एवढा साधा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

वस्तुतः दर मजूर ठरवत नाही. ज्याच्या अंगावर उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आहे, त्याला घासाघीस करता येत नाही. वेचलेल्या कापसाचा तोल सायंकाळी धुऱ्यावर होतो, किलोचा आकडा मुकादमाच्या वहीत चढतो आणि वेचणारीच्या हाती कागदाचा कपटाही पडत नाही. अशा बिननोंदीच्या मजुरीत लाभ मालकाचा असतो आणि निवडही त्याचीच असते. कापसाला भाव नसताना शेतकऱ्याची होणारी ओढाताण खरी आहे, परंतु ती वेचणाऱ्यांच्या मजुरीतून भरून काढणे समर्थनीय ठरत नाही.

बाहेरच्यांना रोखल्यास स्थानिकांची मजुरी वाढेल, ही समजूत अमेरिकेत पडताळली गेली आहे. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामापुरते आणणारी ‘ब्रासेरो’ योजना तेथे १९६४ अखेर बंद झाली. क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार त्यानंतर स्थानिकांच्या मजुरीत लक्षणीय वाढ झाली नाही, उलट मालक यंत्रांकडे वळले. सोयाबीनच्या शेतात हार्वेस्टर पाहणाऱ्या वऱ्हाडाला याचे नवल वाटू नये.

उरलेले गैरसमज थोडक्यात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मेळघाटी मजुरांना संरक्षण दिले, हे खरे नाही. ते राज्याची सीमा ओलांडतच नव्हते. किलोवर काम म्हणजे किमान वेतन लागू नाही, हेही चूक. उक्त्या कामासाठी वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेनुसार ठरलेल्या किमान दराहून कमी मजुरी देता येत नाही. मजूर राजीखुशीने तयार होता, ही सबबही टिकत नाही : किमान वेतनाहून कमी दराने काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगार होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे. राहिला प्रश्न नोंद नसल्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, मजुरी थकल्याचा दावा दाखल झाल्यास ती दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.