हार्मोन तेच, वाट वेगळी

इस्ट्राडायॉलची गोळी गिळली की ती रक्तात उतरते, पण हृदयापर्यंत सरळ पोचत नाही. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. जकात नाक्यावर जसा प्रत्येक ट्रक थांबायचा, तसं. आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटक बनवतं कोण? हेच यकृत! गोळीतला हार्मोनचा लोंढा आला की ते या घटकांचं उत्पादन वाढवतं. तेच इस्ट्राडायॉल पोटावर चिकटवलेल्या पॅचमधून कातडीवाटे उतरलं, तर यकृताला त्याची जेमतेम चाहूल लागते. पोटरीच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती त्यामुळे कितीतरी कमी.

हे समजायला अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्रान्स स्त्रियांची मोठी मदत झाली. तिथल्या १९९७च्या अभ्यासात गुठळ्यांचं प्रमाण अपेक्षेच्या सुमारे २० पट निघालं. चाळिशीपुढच्या स्त्रियांना पॅच देऊ लागल्यावर ते घटलं. त्याआधी त्यांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत होतं एथिनिल इस्ट्राडायॉल, १९३८ साली बर्लिनमध्ये बनवलेला रेणू. मूळ हार्मोनला दोनच कार्बन अणू जास्तीचे जोडलेत, पण तेवढ्यानं यकृताला तो चटकन मोडता येत नाही. ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांतून तो आता बाद झालाय.

आपल्याकडे मात्र माला-डीच्या हार्मोन असलेल्या प्रत्येक गोळीत तो ०.०३ मिलिग्रॅम असतो. गर्भनिरोधक म्हणून ठीकच. पण दवाखान्यातल्या नजरा टाळायला अनेक ट्रान्स स्त्रिया अशाच गोळ्या केमिस्टकडून आणतात, काही जणी दिवसाला दोन-चार घेतात. इथे दोष गोळी घेणारीपेक्षा त्या नजरांचा जास्त, असं माझं मत.

ट्रान्स पुरुषांची गोष्ट निराळी. २०१९च्या डच अभ्यासात त्यांच्यातलं हार्ट अटॅकचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त, पण इतर पुरुषांइतकंच दिसलं. (सिगारेटचा हिशेब त्यात नव्हता, हे विसरू नये.) ते घेत असलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाटतं. म्हणून डॉक्टर हेमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर, लक्ष ठेवतात. तो ५४ टक्क्यांवर गेला की डोस कमी करतात. गंमत लॅबच्या रिपोर्टात घडते. हिमोग्लोबिन १६, फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिलेलं, म्हणून आकड्यापुढे ‘जास्त’चा शेरा. ‘पुरुष’ लिहिलं असतं तर तोच आकडा नॉर्मल.