डेटा सेंटरमधील उष्णतेचा प्रश्न

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला. त्याच दिवशी लंडनमधील गाईज व सेंट थॉमस या सार्वजनिक रुग्णालयांच्या दोन्ही डेटा सेंटरमधील शीतयंत्रणा कोलमडली. संगणक बंद पडले, डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी कागदावर कराव्या लागल्या आणि व्यवहार पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. चंद्रपूरच्या रहिवाशास ४० अंशांचे नवल वाटणार नाही. परंतु ज्या तापमानासाठी यंत्रणा आखलेली असते, त्यापलीकडे ती टिकत नाही. सातबाराचा उताराही आता संगणकावरून मिळत असल्याने हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

संगणकीय यंत्रांनी घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ५ किलोवॅट वीज घेणाऱ्या एका रॅकमधील उष्णता बाहेर काढण्यास सुमारे १.४ टन क्षमतेचे शीतकरण लागते. अशा रॅकच्या रांगाच्या रांगा एका दालनात असतात.

अशा वेळी दालन अधिक थंड करावे, हा उपाय सहज सुचतो. तो खर्चिक आहे आणि पुष्कळदा निरुपयोगीही ठरतो. अमेरिकेतील ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेने १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे, ती यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी. भिंतीवरील तापमापकावरून ती हवा कळत नाही. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो व मागे गरम हवा सोडतो. त्याच्या तारा मागील बाजूस असल्याने त्या जोडणारा स्विचही बहुधा मागे तोंड करून बसविला जातो. हा स्विच तारांच्या बाजूने हवा घेणारा असेल, तर सर्व्हरनी सोडलेली गरम हवाच त्याच्या वाट्याला येते. दालन थंडगार आणि स्विच मात्र तापलेला, असे विचित्र दृश्य यातूनच निर्माण होते. मग त्याचे पंखे वेग वाढवितात. वेग दुप्पट झाला की पंख्याला लागणारी वीज सुमारे आठपट होते. तेवढ्यानेही न भागल्यास स्विच स्वतःच बंद पडतो आणि त्याला जोडलेले सर्व्हर सुस्थितीत असूनही कोणाच्या उपयोगी पडत नाहीत.

यावरील उपाय साधे आहेत. हवेची दिशा खरेदीच्या वेळीच ठरवावी. अनेक उत्पादक दोन्ही दिशांचे पंखे पुरवितात. मात्र एका स्विचमधील सर्व पंखे व वीजपुरवठा संच एकाच दिशेचे हवेत. रॅकमधील रिकाम्या जागा पट्ट्यांनी झाकाव्यात, म्हणजे गरम हवा पुढे परतत नाही. बाजूने हवा घेणाऱ्या मोठ्या स्विचला थंड हवा पोहोचविणारी नळी बसवावी. तारांचे जुडगे पंख्यांसमोर लोंबू देऊ नयेत. तापमान हवा शिरते तेथेच मोजावे.

शीतयंत्रणाच बंद पडली, तर टेबलपंखे आणून फारसे साधत नाही. तीच गरम हवा दालनात फिरत राहते. त्या वेळी भार कमी करणे भाग असते. कोणती यंत्रे आधी बंद करावयाची, याची यादी अगोदर ठरवून कागदावर छापून ठेवलेली असावी. तापमान उतरल्यावर प्रथम स्विच व राऊटर, नंतर साठवणयंत्रे आणि शेवटी सर्व्हर, या क्रमाने केंद्र पुन्हा सुरू करता येते.