नेत्रदान : होकार कुठे अडतो?



नंदुरबारच्या पाड्यांवर भाताचे कुसळ किंवा काटा डोळ्यात जातो, कोणी पाल्याचा रस पिळतो, जखम चिघळते आणि बुबुळावर फूल पडते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलला, तर अशा अनेकांना पुन्हा दिसू शकते. हा पडदा मृत व्यक्तीच्या डोळ्यांतूनच मिळतो, तोही मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत काढलेला. म्हणजे घर रडत असते त्याच वेळात आम्हाला विचारावे लागते.

नकार देणारी माणसे दगडाच्या काळजाची नसतात. आपल्या मंडळीत लोक शवपेटीतला चेहरा शेवटचा पाहायला येतात. चेहरा विद्रूप दिसेल ही भीती मोठी. खरे तर पथक घरी येऊन 15-20 मिनिटांत काम करते, पापण्या नीट मिटवते, पाहणाऱ्याला काही कळत नाही. पाड्यावर म्हणतात, पुढच्या जन्मी आंधळा होईल. आपल्यातले काही पुनरुत्थानाचे विचारतात. मी त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय सावकाश वाचायला सांगते, वाद घालत नाही. ‘डोळे विकतात’ हा संशयही असतो. 1994 च्या कायद्याने अशी खरेदी-विक्री गुन्हा आहे. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, या सबबींना अर्थ नाही.

पण बहुतेक वेळा अडते ते वेगळ्याच ठिकाणी. मृताने फॉर्म भरला असला, तरी घरच्यांचा होकार लागतोच. मुंबईचा मुलगा यायचा असतो. एक काका नको म्हणतो, बाकीचे गप्प बसतात.

हे मी स्वतःच्या घरी शिकले. माझे वडील गेले तेव्हा त्यांचा फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी पंखा बंद केला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. दुसऱ्यांना शिकवते तसेच सगळे. मोठ्या भावाने विचारले, “हे बाबा स्वतः बोलले होते, की तू भरून घेतलंस?” मला लगेच उत्तर देता आले नाही. बाबा मला ‘बरं, भर’ म्हणाले होते, आईला एक शब्द नाही. आई म्हणाली, “आता त्यांना हात लावू नका.” मी कापूस काढला.

जिथे होकार मिळतो, तिथे माणूस जिवंतपणी चारचौघांत बोललेला असतो. “आजी सारखी म्हणायची,” असे नातू सांगतो आणि कोणाची समजूत काढावी लागत नाही. म्हणून आता मी फॉर्मच्या आधी विचारते : घरी कोणाला सांगितलंत?

गेल्या महिन्यात आईने भावाला बोलावून स्वतःच्या डोळ्यांचे सांगितले. मी स्वयंपाकघरात होते. मुद्दामच बाहेर आले नाही.