१४.२, ९.६ आणि ४.१: न होणारा त्रिकोण

पावसाळा संपल्यावर रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर मी तीन खुंट्यांमधली अंतरं टेपने मोजली. वहीत लिहिलं: १४.२, ९.६ आणि ४.१ मीटर. रात्री क्षेत्रफळासाठी हेरॉनचं सूत्र एक्सेलमध्ये टाकलं, तर उत्तराच्या जागी एरर. अर्धा तास कंस तपासत बसलो. सूत्र बरोबर होतं. असा त्रिकोणच नसतो! ९.६ आणि ४.१ टोकाला टोक लावून सरळ ताणले तरी १३.७ च होतात, १४.२ पर्यंत पोचत नाहीत. सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येत होती ती यामुळे.

दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. पण दोन बाजू ८ आणि ५ दिल्या तर तिसरी काय काय असू शकेल? ८ ची रेघ काढा. एका टोकावर ५ त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्यावर क्ष त्रिज्येचं. क्ष ३ पेक्षा लहान असेल तर वर्तुळं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. १३ पेक्षा मोठा असेल तर मोठं वर्तुळ छोट्याला पूर्ण गिळतं. नेमका ३ किंवा १३ असेल तर नुसता स्पर्श, म्हणजे त्रिकोण चपटा होऊन रेघ. मधली कुठलीही किंमत चालते, अपूर्णांकसुद्धा (परीक्षेत बरेच जण इथे फसतात). पूर्णांकच हवे असतील तर ४ ते १२, एकूण नऊ.

भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'लीलावती'त अशा न होणाऱ्या आकृतीला 'अक्षेत्र' म्हटलंय. उदाहरणं दोन: ३, ६, ९ चा त्रिकोण आणि ३, ६, २, १२ चा चौकोन. पटवायचं कसं, तर त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा. मला हे फार आवडतं. कोकणात काड्यांना काय तोटा? झावळीचे तीन हीर तोडा, ३, ६ आणि ९ सेंटिमीटरचे, आणि जुळवून बघा. गंमत म्हणजे या त्रिकोणाला हेरॉनचं सूत्र एरर देत नाही, गुपचूप शून्य देतं.

संशोधनात 'अंतर' म्हणजे दरवेळी मीटर नसतं. दोन नमुन्यांतल्या प्रजाती किती वेगळ्या, हे सांगणारं ब्रे-कर्टिस माप ही अट नेहमी पाळत नाही. तिथे अट मोडली म्हणून वहीतली चूक शोधत बसू नका. ते मापच तसं आहे.

माझी चूक मात्र वहीतच होती. दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर ७.१ निघाले, घाईत ७ चा ४ झाला होता. ४ ऐवजी ५ झाला असता तर? ९.६ आणि ५.१ मिळून १४.७, त्रिकोण झाला असता, एक्सेलने मुकाट्याने क्षेत्रफळ दिलं असतं. म्हणून त्या दिवशी बाकीच्या सगळ्या खुंट्याही पुन्हा मोजल्या.